दिवा डीपीएफचा, दुखणं थर्मोस्टॅटचं

प्रश्न थोडक्यात असा. वाकडच्या एका गृहस्थांची २०२१ ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही, ६२,००० किमी झालेली. रोज मुलीला शाळेत सोडून हिंजवडी फेज ३ ला ऑफिस. गेले सात-आठ महिने दर पंधरा दिवसांनी डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप लावून 'रिजन' मारून देतात, म्हणजे साठलेली काजळी जाळून देतात, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आता नवीन डीपीएफचं एस्टिमेट हातात पडलंय, लाखाच्या वर. ओळखीचा एक मेकॅनिक म्हणतो, काढून टाका, ट्यूनिंग करून देतो, आयुष्यात परत दिवा लागणार नाही. सोबत तीन फोटो: डॅशबोर्ड, स्कॅनरचा रिपोर्ट आणि पार्किंगमध्ये उभी गाडी. ताजा कलम म्हणून मेव्हण्याच्या चाकणच्या ट्रकचं दुखणं, तो युरियाच्या भानगडीनं सारखा अडून बसतो.

साहेब, डीपीएफ बदलू नका आणि काढू तर त्याहून नका. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: "मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी गरम झाली होती, खाली एका मेकॅनिकनं काम करून दिलं, त्यानंतर तो त्रास कधीच नाही." माझ्या मते सगळं उत्तर या वाक्यात आहे. त्या भल्या माणसानं तुमचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी छोटी झडप, काढून टाकला असणार.

हे मी हवेत बोलत नाही. तुमच्या रिपोर्टच्या फोटोत दोन कोड आहेत. पी २४६३ म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साठली. त्याच्या वर, जरा पुसट, पी ०१२८ आहे. म्हणजे इंजिनचं पाणी जितकं तापायला हवं तितकं तापत नाही. खालच्या रकान्यात पाण्याचं तापमान ६६ अंश आणि इंजिन सुरू होऊन झालेला वेळ ३८ मिनिटं. पुण्यात ३८ मिनिटं चाललेल्या इंजिनचं पाणी ६६ अंशांवर असेल तर एक तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा तो जागेवरच नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी खालचा, काजळीचा कोड वाचला आणि वरचा सोडला. गाडी गरम होत नाही अशी तक्रार घेऊन कोण येतं?

थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मी स्वतः मॅटाडोरच्या इंजिनांवर शिकलो, आमच्या उस्तादांनी किती थर्मोस्टॅट काढून भंगारात टाकले असतील याचा हिशेब नाही. "आपल्या हवेत कशाला लागतंय ते? ते थंड मुलखातल्या गाड्यांना." तेव्हा ते खपून जायचं. डिझेल थोडं जास्त खायची, सिलिंडर जरा लवकर झिजायचे, कुणाच्या लक्षात येत नव्हतं. बीएस-६ गाडीत मात्र त्या शंभर ग्रॅमच्या वस्तूवर सगळा धुराडा अवलंबून आहे. कसा, ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी एस्टिमेट पुढे केलं की काय विचारायचं ते कळेल.

कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, हे आपल्या पिढीनं पाहिलंय. डिझेलच्या फवाऱ्याच्या गाभ्यात तेच होतं. तिथे हवा पोचत नाही, इंधन अर्धवट जळतं आणि काजळी होते. फवाऱ्याच्या कडेला उलट परिस्थिती. तिथे हवा भरपूर, ज्वाला कडक, आणि त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनला धरतो आणि नॉक्स तयार होतो. ज्वाला थंड करा, नॉक्स कमी होतो पण काजळी वाढते. ज्वाला कडक करा, काजळी कमी होते पण नॉक्स वाढतो. इंजिन बनवणारे कित्येक वर्षं या दोरीच्या दोन टोकांमध्ये खेळत होते. बीएस-४ कारला किलोमीटरला २५ मिलिग्रॅम काजळी आणि २५० मिलिग्रॅम नॉक्स माफ होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि हे आकडे ४.५ आणि ८० झाले. इतकं खाली नुसत्या इंजिनच्या ट्यूनिंगनं जाता येत नाही, म्हणून सायलेन्सरच्या जागी हा छोटा रासायनिक कारखाना आला.

त्या कारखान्याची सुरुवात इंजिनवरच होते. ईजीआर व्हॉल्व्ह थोडा धूर थंड करून परत आत घेतो, त्यानं ज्वाला थंडावते, नॉक्स घटतो आणि अर्थातच काजळी वाढते. बाहेर पडलेला धूर आधी डीओसीमधून जातो. हा प्लॅटिनम-पॅलेडियमचा लेप दिलेला जाळीदार दगड. न जळलेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड तो जाळून टाकतो. पुढे डीपीएफ. तो दिसायला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, फक्त एक घर पुढून बंद, शेजारचं मागून बंद. धूर एका घरात शिरतो, त्याला पुढे वाट नसते, म्हणून भिंतीच्या बारीक छिद्रांतून शेजारच्या घरात झिरपतो. काजळी भिंतीवर राहते. शेवटी तुमच्या गाडीत एससीआर आहे, म्हणजे युरियाच्या पाण्यानं नॉक्स मारायची सोय. त्याबद्दल ट्रकच्या निमित्तानं बोलू.

भिंतीवर जमलेली काजळी कधीतरी जाळावी लागते. आपलं सगळं नाटक इथे आहे. हायवेला एकसारखी गाडी चालत असेल, धूर ३०० ते ४०० अंशांवर असेल, तर डीओसीत तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड काजळी हळूहळू खात राहतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. वाकड ते हिंजवडी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धूर बहुतेक वेळ दीडशे-दोनशेच्या घरात. तिथे काही जळत नाही, नुसतं साठतं. मग इंजिनचा कॉम्प्युटर एका मर्यादेनंतर स्वतः पेटवापेटवी करतो. सिलिंडरमधला मुख्य स्फोट होऊन गेल्यावर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल मारतो, ते डीओसीवर जाऊन जळतं आणि डीपीएफमध्ये शिरणारा धूर ६०० अंशांच्या आसपास पोचतो. पंधरा-वीस मिनिटांत काजळी जळून जाते. यालाच रिजनरेशन म्हणायचं, आमच्या भाषेत रिजन.

पण कॉम्प्युटर हे काम वाटेल तेव्हा करत नाही. इंजिन थंड असेल तर उशिरा मारलेलं डिझेल नीट वाफ होत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये जातं. म्हणून पाणी पुरेसं तापलेलं असणं ही त्याची पहिली अट. कोणत्या अंशाला परवानगी द्यायची हे प्रत्येक कंपनी आपलं ठरवते, पण पाणी नव्वदच्या आसपास स्थिर असलं की कुठल्याच गाडीची हरकत नसते. इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असेल, टाकीत डिझेल तळाला गेलं असेल, तरी बऱ्याच गाड्या रिजन टाळतात. तुमची गाडी सात-आठ महिने काजळी साठवतेय आणि स्वतःहून एकदाही जाळत नाहीये, कारण तिच्या लेखी इंजिन अजून तापायचंय. शिवाय थंड इंजिन काजळीही जास्त करतं. म्हणजे आवक वाढली आणि जावक बंद.

नवीन डीपीएफ बसवला असता तर तोही दोन-तीन आठवड्यांत भरला असता. मग सेन्सर, मग इंजेक्टर, असं करत तुमची एफडी मोडली असती.

आता थर्मोस्टॅट परत बसवण्याआधी एक गोष्ट. खंबाटकीत गाडी गरम का झाली होती? थर्मोस्टॅट बंद अडकला असेल तर ठीक, नवा बसवला की विषय संपला. पण रेडिएटरच्या जाळीत माती आणि किडे गच्च बसले असतील, पंखा दुसऱ्या स्पीडला फिरत नसेल किंवा कूलंटऐवजी नळाचं पाणी भरून आत गंज झाला असेल, तर काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटनं तो आजार इतके दिवस फक्त झाकून ठेवला. थर्मोस्टॅट बसवलात की पहिल्याच घाटात काटा वर जाईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. म्हणून रेडिएटर आतून-बाहेरून साफ, पंखा तपासून, कूलंट कंपनीनं सांगितलेलंच. थर्मोस्टॅट तुमच्या इंजिनचाच, त्यावर छापलेलं तापमान बघून घ्या. नाना पेठेत ओरिजिनल मिळतो, फक्त चेसिस नंबर सांगा, "त्याच गाडीचा द्या" एवढं म्हणून थांबू नका.

मग ऑइलची दांडी काढून बघा. हे आजच करा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि बोटाला लावून हुंगल्यावर डिझेलचा वास येत असेल, तर इतक्या जबरदस्तीच्या आणि अर्ध्या सुटलेल्या रिजनचं डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. लोकांना वाटतं, ऑइल कमी होत नाही उलट वाढतं, इंजिन झकास आहे. पातळ झालेलं ऑइल टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं बेअरिंग खातं. तसं दिसलं तर ऑइल आणि फिल्टर किलोमीटर न मोजता बदला. भरताना डीपीएफच्या गाडीला चालणारं, कमी राखेचं ऑइलच भरा. डब्यावर सी३ वगैरे जे तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलंय ते जुळवा. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधल्या कॅल्शिअम, झिंक, फॉस्फरसची राख डीपीएफमध्ये कायमची बसते, आणि खऱ्या अर्थानं डीपीएफ म्हातारा होतो तो तिच्यामुळे. ६२,००० ला तुमचा म्हातारा झालेला नाही.

सगळ्यांचा रोग थर्मोस्टॅटच असतो असं नाही, हेही सांगतो, नाहीतर हे वाचून उद्या सगळे थर्मोस्टॅट बदलत सुटतील. काजळी जास्त होण्याचं मी पाहिलेलं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या नळीला पडलेली चीर. टर्बोनं दाबलेली हवा तिथून सटकते, इंजिनला हवा कमी मिळते. पूर्वी अशी गाडी मागून काळा धूर सोडायची, सिग्नलला शेजारचा दुचाकीवाला तोंडावर रुमाल धरून सांगायचा. आता डीपीएफ सगळं गिळतो, धूर दिसत नाही, आणि दिवा लागतो तेव्हा आळ डीपीएफवर येतो. नळीच्या जोडावर तेलकट काळा डाग दिसला की समजायचं. त्याखालोखाल उघडा अडकलेला ईजीआर आणि ठिबकणारा इंजेक्टर.

दुसरं फसवणारं प्रकरण म्हणजे डिफरन्शियल प्रेशर सेन्सर. डीपीएफ किती भरला हे कॉम्प्युटरला डोळ्यांनी दिसत नाही. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब दोन बारीक नळ्यांनी सेन्सरपर्यंत येतो, त्या फरकावरून आणि किती किलोमीटर कशी गाडी चालली यावरून तो अंदाज बांधतो. नळी फाटली, तिच्यात पाणी किंवा काजळी बसली, की अंदाज चुकतो. तपासणी सोपी आहे. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर दाब बघा. शून्य दिसायला हवं. इंजिन बंद असताना सेन्सर वीस मिलिबार दाखवत असेल तर तो खोटं बोलतोय. तुमच्या रिपोर्टमध्ये हा आकडा नाही, पुढच्या वेळी काढून घ्या.

एरवी पथ्य काय? आठवड्यातून एकदा गाडीला मोकळा रस्ता दाखवा. तुम्हाला वाकडहून तळेगाव जाऊन येणं सोयीचं. कात्रज-धनकवडीकडच्यांनी नवा बोगदा ओलांडून खेड शिवापूर. वीस-पंचवीस मिनिटं, इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर, गरज पडली तर एक गिअर खाली ठेवून. शंभरच्या वर पळवायची गरज नाही, धुराला वेगाशी देणंघेणं नाही. रिजन चालू आहे हे ओळखायचं तर उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा चढलेला असतो, पंखा उगाच जोरात फिरतो, गरम लोखंडाचा वास येतो, मायलेजचा आकडा पडतो. अशा वेळी सोसायटीच्या दारात आला असाल तर गाडी बंद करू नका, अजून एक चक्कर मारून या. आणि फेब्रुवारी ते मे पाषाण-सूसच्या डोंगरावर फिरायला जाऊन वाळल्या गवतावर तर गाडी उभी करूच नका. खालचा पाइप त्या वेळी काय तापलेला असतो, ते गवताला सांगावं लागत नाही.

डीपीएफ धुऊन देणारेही हल्ली बोकाळलेत. राख साठलेला डीपीएफ गाडीतून काढून, भट्टीत तापवून आणि उलट्या बाजूनं हवा मारून साफ करणं हे योग्य काम आहे, आधी आणि नंतर वजन करून देणारा माणूस शोधा. ॲसिड ओतून आणि सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपानं झोडपून देणाऱ्यांपासून लांब राहा. त्यानं लेप निघतो आणि आतल्या भिंती फुटतात.

काढून टाकायच्या सल्ल्याबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा फेरफार करता येत नाही आणि प्रदूषणाच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्यांदाच १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. लोक यावर हसतात, कारण पीयूसीत सगळं पास होतं. खरंय, पीयूसीवाला डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतो, नॉक्स मोजतच नाही. पण मला दुसरीच गोष्ट सतावते. डीपीएफ काढून प्रोग्रॅम बदलणारा माणूस धुराच्या तापमानाच्या आणि दाबाच्या सगळ्या सूचना बंद करतो. पुढे टर्बोनं ऑइल फेकायला सुरुवात केली की सांगणारं कुणी उरत नाही. शिवाय गाडी विकताना गिऱ्हाईक शहाणा असेल तर सायलेन्सरच्या टोकात बोट घालतो. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काळं निघालं की डीपीएफ फुटलाय किंवा नाहीच. सेकंडहँड डिझेल घेताना मी पहिलं हेच करतो, मग बाकीचं.

आता मेव्हण्यांचा ट्रक. एससीआरचं काम असं: टाकीतला डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी खनिजं काढलेलं पाणी. गरम धुरात त्याचा फवारा मारला की युरिया फुटून अमोनिया होतो, अमोनिया पुढच्या कॅटॅलिस्टवर नॉक्सला भिडतो आणि नायट्रोजन आणि पाणी उरतं. धूर साधारण दोनशे अंशांच्या खाली असेल तर युरिया नीट फुटत नाही, पाइपमध्ये पांढरे खडे बसतात. चाकणला कंपनीच्या गेटबाहेर एसी लावून तीन-तीन तास इंजिन चालू ठेवणाऱ्या ट्रकमध्ये हे खडे मुठीएवढे पाहिलेत मी. भार ओढणारा ट्रक आपोआप साफ राहतो, उभा ट्रक आजारी पडतो.

तुम्ही लिहिता, दोनदा इंजेक्टर बदलला, तरी तीन महिन्यांत चोंदतो. मेव्हण्यांना एक विचारा: ड्रायव्हर गाडी बंद केल्याबरोबर बॅटरीचा मेन स्विच पाडतो का? चावी बंद केल्यावर पंप मिनिट-दोन मिनिटं चालू राहून नळ्यांमधला आणि इंजेक्टरमधला युरिया टाकीत परत ओढून घेतो. बंद गाडीतून येणारा घूं आवाज तो त्याचाच. ड्रायव्हर जुन्या सवयीनं, बॅटरी उतरू नये म्हणून, लगेच स्विच पाडतो. युरिया आत तसाच राहतो, पाणी उडून जातं, खडा होतो. माझ्याकडच्या एका सहाचाकीत हाच प्रकार निघाला, त्या मालकानं तीन इंजेक्टर आणि एक पंप बदलल्यावर. केबिनमध्ये मराठी-हिंदीत चिठ्ठी डकवली, "चावी बंद, पाच मिनिटं थांबा, मग स्विच", आणि पुढे वर्षभर तो ट्रक त्या कामासाठी आला नाही.

दुसरं, डीईएफ कुठून घेतात? बादलीवर कुणाचंही नाव छापता येतं. शेतीचा युरिया आरओच्या पाण्यात विरघळवून विकणारे आहेत. २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो, शिवाय त्यात बाययुरेट नावाची अशुद्धता जास्त. तेल कॅटॅलिस्टवर बसतं, खनिजं त्याची छिद्रं बुजवतात. शेतकऱ्याच्या सबसिडीचा माल इकडे वळवणं हा गुन्हा आहेच. रिफ्रॅक्टोमीटरनं तपासलं असं कुणी छातीठोक सांगेल, पण ते यंत्र फक्त युरिया किती ते सांगतं, कसला ते नाही. खतही मापात विरघळवलं तर ३२.५ दाखवतं. चांगला मालही उन्हात ठेवू नका. २५ अंशांना तो दीड वर्ष टिकतो, ३५ ला सहाच महिने. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात काय होत असेल ते तुम्हीच बघा. ट्रक जेवढं डिझेल पितो त्याच्या साधारण ३ ते ५ टक्के डीईएफ लागायला हवा. त्याहून फारच कमी लागत असेल तर फवारा बंद आहे किंवा ड्रायव्हर पाणी भरतोय. दोन्हीत नॉक्स सेन्सर ओळखतो, आधी ताकद कापली जाते आणि तरी ऐकलं नाही तर ट्रक ताशी २० किमीच्या वर जात नाही. अशा वेळी सेन्सरला फसवणारा डबा विकणारे भेटतात. कलम ५२ त्यालाही लागू आहे.

सेन्सरवर संशय असेल तर एक बारकावा. नॉक्स सेन्सरला अमोनिया आणि नॉक्समधला फरक कळत नाही. युरिया जास्त पडून अमोनिया मागून सुटला तरी तो "नॉक्स वाढला" म्हणूनच ओरडतो. म्हणून सेन्सर बदलण्याआधी डोस तपासा.

आता तुमचा क्रम. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर आधी, ऑइल त्यानंतर, कोड पुसून मग गॅरेजमध्ये एकच जबरदस्तीचं रिजन, तेही काजळीचा आकडा कंपनीच्या मर्यादेत असेल तरच. फार भरलेला डीपीएफ पेटवला की आत भडका उडून तो तडकतो, मग मात्र लाखाचं एस्टिमेट खरं ठरेल. त्यानंतर नेहमीसारखी गाडी वापरा आणि ५०० किमीनंतर स्कॅनरवर दोन आकडे बघा, पाण्याचं तापमान आणि शेवटच्या रिजनपासूनचं अंतर. पाणी नव्वदच्या आसपास आणि रिजन कुणी लॅपटॉप न लावता आपोआप झालेलं दिसलं, तर एस्टिमेटचा कागद फाडून टाका. डीपीएफसाठी ठेवलेल्या पैशांतून पुढचे दोन टायर आणि अलाइनमेंट करून घ्या. तिसऱ्या फोटोत चाक वळवून गाडी उभी केलीत म्हणून दिसतंय, आतली कड पार गुळगुळीत झालीय.